मागं ट्रॉली नाही

आम्ही निघालो त्या सकाळी फाट्यावर जी गर्दी जमली होती, ती निरोप द्यायला नव्हे, खात्री करून घ्यायला. नवरा-बायको मिळून ट्रक शिकायला चाललेत ही बातमी गावात आठवडाभर फिरत होती आणि निम्म्या गावाला ती कुणीतरी सोडलेली पुडी वाटत होती. दोन पिशव्या, एक वळकटी, चिवड्याचा डबा आणि आम्ही दोघं तिवशाच्या अलीकडे एस.टी.ची वाट पाहत उभे आहोत, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आमच्या सासूबाई गप्प बसल्या म्हणजे काय ते गावाला ठाऊक आहे. अमरावतीची गाडी वळणावर दिसली तशा त्या म्हणाल्या, "लोकं हासतीन. हासू दे. गाडी नीट चालवजो."

एवढंच. त्यांना रडू आलं नाही, मला आलं नाही, आठवीतल्या आमच्या गौरीलाही आलं नाही. आई-बाप परीक्षेला बसणार याचीच तिला मजा वाटत होती. रडले ते आमचे हे. खिडकीतून हात हलवता हलवता त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं, ते नांदगाव पेठ येईपर्यंत बाहेर काढलं नाही. कंडक्टरला वाटलं, आम्ही कुणाच्या मयतीला चाललोय. तिकीट देताना तो बिचारा हळू आवाजात बोलला.

आमच्या बचत गटातल्या बाया अजून फोनवर विचारतात, की तुला हे सुचलं तरी कसं, आणि यांनी कबूल तरी कसं केलं. दर वेळी तुकड्या-तुकड्यानं सांगून मी थकले, म्हणून आज सगळं लिहूनच काढते. सुरतेला आणि चाकणला गेलेली आपली माणसं हसतील, की तिवशाहून अकोल्याला गेली आणि स्थलांतर म्हणे. हसा. अकोला म्हणजे दुबई नाही हे मलाही कळतं. पण ज्या बाईचं आयुष्य शेत, घर आणि अमरावतीचा फूलबाजार या तिन्हींत सामावलं होतं, तिला बडनेऱ्याच्या पुढे गेलं की परदेशच लागतो.

आमची जमीन काळी, पण पीक फुलांचं. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा निशिगंध. घरात कामाची वाटणी आपोआप पडली होती. ट्रॅक्टर यांच्याकडे, पिकअप माझ्याकडे. पिकअप माझ्याकडे यायचं कारण असं, की एका दसऱ्याच्या तोंडावर आमचा ड्रायव्हर सासुरवाडीला गेला तो आलाच नाही. अंगणात झेंडूचा डोंगर, बाजार उद्याचा, आणि हे ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या शिवारात. माझ्या भावानं मला माहेरी असताना त्याची जीप मैदानात फिरवायला दिली होती, तेवढ्या भांडवलावर मी पिकअपमध्ये बसले. दीर शेजारी बसून सारा रस्ता रामरक्षा म्हणत होते. फुलं पोचली, भाव चांगला मिळाला, आणि त्या दिवसापासून बाजार माझा झाला. पुढे रीतसर लायसनही काढलं.

खरं सांगू का, मला बाजारापेक्षा रस्ता आवडायचा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते. शेजारून मोठे ट्रक जायचे तेव्हा माझी पिकअप हलायची, आणि मी वर पाहायची. एवढ्या उंचावरून रस्ता कसा दिसत असेल, एवढाच एक विचार मनात यायचा.

अमरावतीच्या बायपासवरच्या पेट्रोल पंपावर एका वाहतूक कंपनीचा फलक लागला होता. हलक्या गाडीचं लायसन असेल तर मोठ्या गाडीचं शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, लायसनचा खर्चही कंपनीचा. बदल्यात पुढची दोन वर्षं त्यांच्याच गाडीवर काम करायचं. आणि खाली मोठ्या अक्षरात, नवरा-बायकोच्या जोडीला प्राधान्य. एकटे ड्रायव्हर चार महिन्यांत गाडी सोडून गावी पळतात, जोडी टिकते, असा त्यांचा हिशेब होता. मात्र जोडीची अट पक्की होती. जोडीनं अर्ज केला, तर नोकरी मिळायची ती दोघांना, नाहीतर दोघांनाही नाही. दोघांतला एक जरी लायसनला नापास झाला तर त्याला आणखी एकदा बसता येणार, आणि तेव्हाही जमलं नाही तर दोघांनी घरचा रस्ता धरायचा.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, की बाई ट्रक चालवणार असेल तर उद्यापासून बैलांना पोळ्या लाटायला बसवू. दीर-जाऊ हसले. हे मात्र हसले नाहीत. जेवण झालं, हात धुतला, आणि पुसता पुसता म्हणाले, "तुले जाचं हाये ना? मंग मी बी येतो. तू गाडी चालवशीन अन् मी का इथं झेंडू तोडत बसू?"

शेत दिरांनी सांभाळायचं ठरलं, गौरी आजीजवळ राहिली, आणि आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो.

अकोल्याला कंपनीचं यार्ड शहराबाहेर होतं. एका बाजूला गाड्या, एका बाजूला पत्र्याचे दोन हॉल, एक पुरुषांचा, एक बायांचा. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आम्ही नवरा-बायको वेगवेगळ्या वसतिगृहात राहायला गेलो. भेट व्हायची ती मेसमध्ये, नळावर, नाहीतर गाडीत. पहिल्या दिवशी मेसमध्ये मी ताट घेऊन बसले आणि कुणीतरी येऊन माझ्या ताटात वरण वाढलं, तर मी चटकन उठून उभी राहिले. बसून वाढून घ्यायची सवयच नव्हती. वरणात डाळ शोधावी लागायची ही गोष्ट वेगळी. पण मी न रांधलेलं, मला गरम मिळालेलं ते वरण मी दोनदा मागून घेतलं.

आम्हाला शिकवायला हिवरखेडकडचे एक म्हातारे ड्रायव्हर होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. माणूस गोड, आवाज फाटका. आयुष्यभर इंजिनाच्या वर आवाज काढून बोललेला माणूस जेवतानाही तसाच बोलतो. मीठ मागितलं तरी वाटायचं शिव्या देतोय. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की आजपासून डावं-उजवं विसरा. ज्या बाजूला तुम्ही बसता ती ड्रायव्हर साइड, पलीकडची कंडक्टर साइड. मी पाटीवर शिकलेलं सगळं बाजूला ठेवून हे नवं शिकत गेले. ब्रेकच्या हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, आरशात दिसतं त्याहून न दिसणारं जास्त असतं. संध्याकाळी गौरी फोनवर आमचा अभ्यास घ्यायची. रस्त्यावरच्या खुणांची चित्रं पाठवायची आणि ओळखा म्हणायची. माझी चुकली की ती तिच्या बाईंसारखी सुस्कारा सोडायची. मी तिला लहानपणी पाढे न आल्याबद्दल जे जे बोलले, ते तिनं व्याजासकट परत केलं.

पहिल्यांदा मोठ्या गाडीच्या सीटवर चढून बसले, तेव्हा मला रस्त्यापलीकडचं शेत, त्याच्या पलीकडचा नाला आणि नाल्यावर चरणाऱ्या शेळ्यासुद्धा दिसल्या. वस्ताद ओरडत होते, की ताई, खाली मांडलेले ड्रम पाहा, शेळ्या काय पाहता. पण मी पोटभर पाहून घेतलं.

आता खरी गोष्ट.

हे गाडी पुढं न्यायचे ती अशी, की वस्ताद डोळे मिटून बसायचे. गिअरचा आवाज नाही, ब्रेकचा हिसका नाही. पण गाडी मागे घ्यायची वेळ आली की कुणी भूतबाधा केल्यासारखं व्हायचं. यार्डात दोन्ही बाजूंना ड्रम मांडून मधून वळणाची वाट केली होती. त्या वाटेनं गाडी मागं न्यायची, ड्रमला न लावता. वस्ताद ओरडायचे, कंडक्टर साइड काटा, म्हणजे त्या बाजूला वळवा, आणि हे बरोबर उलट्या बाजूला स्टिअरिंग फिरवायचे. ड्रम आडवा. पुन्हा उभा करायचा, पुन्हा आडवा. आम्हा बायांचं मात्र पहिल्याच आठवड्यात जमायला लागलं होतं.

मला हे कोडं सुटेना. कारण मागं घेणं म्हणजे तर यांचा हातखंडा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकात ट्रॅक्टर अडकले, भरलेली ट्रॉली मागं घेता येईना, की लोक यांना बोलवायला यायचे. सुईत दोरा ओवावा तशी हे ट्रॉली फाटकात ओवायचे आणि चहासुद्धा न घेता परत यायचे. पंचक्रोशीत असा दुसरा माणूस नव्हता. आणि इथं हा माणूस रिकामी गाडी मागं घेताना ड्रमवर ड्रम पाडत होता.

वस्तादांना वाटलं, यांचा डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो. त्यांनी एक लाल फीत आणून यांच्या डाव्या मनगटाला बांधली. ही कंडक्टर साइड, भाऊ, आता विसरू नका. चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला माणूस मनगटाला लाल फीत बांधून मेसच्या रांगेत उभा राहायचा. जवान पोरं हसायची. यांनी ती फीत सोडली नाही. वस्तादांनी बांधली आहे, तर असू दे म्हणाले. मला मात्र त्या फितीकडे पाहून जेवण जायचं नाही.

लायसनच्या परीक्षेला मी पहिल्या फेरीतच पास झाले. हे ड्रमला लागले.

त्या संध्याकाळी मला पास झाल्याचा आनंद करता आला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. जो माणूस गावभरच्या ट्रॉल्या मागं घेतो त्याला रिकामी गाडी मागं घेता येत नाही, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं. मग एकच अर्थ उरत होता. यांना घरी जायचं आहे. आईची, गौरीची, शेताची आठवण येते, पण बायकोला तोंडानं सांगवत नाही, म्हणून हे मुद्दाम नापास होतायत. एकदा हे मनात आल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. फोनवर आईशी बोलताना भरून येणारा आवाज, न संपवलेलं ताट, एस.टी.तलं रडणं.

नळापाशी मी यांना गाठलं. माणसाला समजून घेऊन बोलावं, हळू बोलावं, हे मला येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "तुमाले घरी जाचं हाये तं सरळ सांगा. त्या ड्रमाले काहून मारता?"

त्यांच्या हातातली बादली भरून वाहायला लागली.

"तुले असं वाटते?" एवढंच म्हणाले, आणि बादली तिथंच ठेवून निघून गेले.

पुढचे चार-पाच दिवस आम्ही बोललो नाही. मेसमध्ये दोन टोकांना बसायचो. दुसरी परीक्षा जवळ येत होती. तेव्हाही नापास झाले तर माझं लायसन घेऊन मी पुन्हा झेंडूच्या पिकअपवर बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला राग यांचा येत होता आणि लाज माझ्या रागाची वाटत होती. कारण माणसाला घरी जावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

यार्डात पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा, ट्रॅक्टरच्या मागं जोडलेला. एका सकाळी रोजचा माणूस सुटीवर होता आणि त्याच्या जागी कुणी नवखा आला. फाटकातून टँकर मागं घ्यायचा होता. त्यानं पुढं-मागं, पुढं-मागं करून टँकर फाटकात असा आडवा अडकवला, की आतल्या गाड्या आत आणि बाहेरच्या बाहेर. हॉर्न सुरू झाले. वस्तादांचा आवाज हॉर्नच्या वर. हे चहाचा कप ठेवून उठले, त्या पोराला खाली उतरायची खूण केली, आणि ट्रॅक्टरवर चढले.

एकदाच पुढं घेतला. मग मागं. टँकर सरळ फाटकातून आत, टाकीपाशी जाऊन उभा. यार्डातली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मी टाळी वाजवली नाही, कारण त्या दिवशी मला पहिल्यांदा यांचे हात दिसले. इतकी वर्षं मी ट्रॉलीकडे पाहिलं होतं, हातांकडे कधी नाही. टँकर डावीकडे जायला हवा होता, तेव्हा हात उजवीकडे फिरत होते. टँकर उजवीकडे जायला हवा, तर हात डावीकडे. मागं जोडलेली गाडी उलट्या हातानं वळते. पिकअपवाल्या बाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि वस्ताद जन्मभर ट्रकवर, ट्रॅक्टरला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. यांनी मात्र आयुष्यात जे काही मागं घेतलं होतं, ते ट्रॉलीसकट घेतलं होतं. मोकळा ट्रॅक्टर मागं घ्यायची वेळ शेतात येतेच किती, आणि आली तरी चारी बाजूंना आपलंच रान. त्याआधी लहानपणी यांच्या आजोबांची बैलबंडी. तीही मागं सारताना जू उलट्या बाजूलाच दाबावं लागतं. म्हणजे या हातांना तीन पिढ्यांचं वळण होतं, आणि आम्ही त्यांना फीत बांधत होतो.

मी धावत ट्रॅक्टरपाशी गेले. हे उतरत होते.

"अवो," मी म्हटलं, "ट्रकाच्या मागं ट्रॉली नाई. तुमी नसलेली ट्रॉली मागं घेऊन राहिले."

त्यांना वाटलं, हिला ऊन लागलं. मग मी त्यांचे हात धरून हवेतच दाखवलं, टँकर घेताना काय केलं आणि ड्रमात काय करता. हे दोन्ही हातांकडे पाहत राहिले. मग टँकरच्या चाकावर बसले आणि असे हसायला लागले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मले समजूनच नव्हतं राहिलं वं," ते म्हणाले. "मले वाटलं, माह्यं डोस्कंच फिरलं."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस इतके दिवस कोणत्या भीतीत होता, आणि त्या भीतीत मी त्याला एकटं टाकून नळापाशी भलतंच बोलले होते. घरी जायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तिथंच, सगळ्यांसमोर, मी त्यांचा हात धरून उभी राहिले. गावात असं कधी केलं नसतं.

वस्तादांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग यांच्या मनगटाची फीत स्वतः सोडली आणि तिनं गाडीचा आरसा पुसला.

कळलं म्हणजे जमलं असं मात्र नव्हे. डोक्याला पटतं, हातांना पटत नाही. वस्तादांनी यांच्यासाठी एक नवा नियम काढला. "जिकडे बूड न्याचं, तिकडेच हात न्याचा. बस. बाकी सारं भुला." हे दिवसभर तेच पुटपुटायचे. मेसमध्ये ताट फिरवून सराव, अंथरुणावर उशी धरून सराव. पोरं सकाळी राम राम म्हणायच्या ऐवजी यांना विचारायला लागली, काका, बूड कुठं? गौरीपर्यंत हे पोचलं आणि तिनं फोनवर तेच विचारलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, की पोट्टीला काय शिकवून राहिले रे तिथं, शिक्षण घेता की तमाशा.

यांच्या हातांत आणि माझ्या हातांत फार अंतर नव्हतं, हे मला पुढे अकोल्यात खोली केल्यावर कळलं. पहिले कितीतरी दिवस मी दोघांसाठी कणीक मळायला बसायची आणि ती सहा माणसांची व्हायची. चहाला पाणी ठेवलं की सासूबाईंचा बिनसाखरेचा आधी गाळून ठेवायची, आणि मग तो कप हातात घेऊन खोलीभर पाहायची. हातांना गाव सोडलेलं कळायला वेळ लागतो. पुण्या-सुरतेच्या बायांनो, तुमचंही असंच झालं असेल, फक्त तुम्ही कुणी लिहून कळवलं नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी मैदानाच्या तारेपाशी उभी होते. यांचा दुपट्टा माझ्या हातात, आणि मी तो इतका पिळला, की त्यातून पाणी निघायचं तेवढं बाकी होतं. गाडी पुढं न्यायची फेरी नेहमीसारखी झाली, लोण्यासारखी. मग गाडी थांबली. मागचा दिवा लागला. गाडी मागं सरकली, आणि मला तिथून आरशात दिसलं, की यांचा हात उजवीकडे निघाला. गाडीचं मागचं टोक ड्रमाकडे वळायला लागलं.

तिथंच गाडी थांबली. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले होते, ते काहीतरी म्हणाले असतील, मला ऐकू आलं नाही. फक्त यांचे ओठ हलताना दिसले. मग हात डावीकडे आला, सावकाश, एखाद्या अडेल बैलाला वळवावं तसा. मागचं टोक ड्रमापासून दूर झालं. मग पुढचा ड्रम, मग शेवटचा. गाडी वाटेतून बाहेर आली आणि एकही ड्रम हलला नव्हता.

खाली उतरल्यावर साहेबांनी यांना विचारलं, की तुम्ही मघाशी काय पुटपुटत होता. हे म्हणाले, "मंत्र हाये साहेब." पुढं विचारू नये एवढी समज साहेबांना होती.

मी त्या दिवशी रडले. फाट्यावर राहिलं होतं ते सगळं तिथं तारेपाशी रडून घेतलं. सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, पास झाला, बरं झालं, पण मग जोडी काही आता घरी येत नाही. म्हणाल्या आणि फोन गौरीकडे दिला. त्यांना आनंद झाला होता आणि वाईटही वाटलं होतं. त्यांनी दोन्ही एका वाक्यात आटोपलं.

कबूल केलेली दोन वर्षं कधीच सरली. आम्ही राहिलो. मध्यंतरी कंपनीनं आम्हाला लांब ट्रेलरवर घ्यायचं ठरवलं, आणि तेव्हा पारडं फिरलं. ट्रेलर म्हणजे मागं जोडलेली गाडी. आता माझे हात सरळ जायचे आणि ट्रेलर वाकडा. यांनी मला एकदाही हसून दाखवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. वस्ताद मात्र पोट धरून हसले आणि फीत शोधायला निघाले.

आता आमचं बरंचसं आयुष्य रस्त्यावर जातं. रायपूर, हैदराबाद, इंदूर. केबिनमध्ये सीटमागं एक झोपायची फळी आहे, तिला पडदा आहे. एकानं चालवायचं, एकानं झोपायचं, हा कंपनीचा नियम. पण सुरुवातीला आम्हाला तो पाळता यायचा नाही. मी चालवत असले की हे पडद्याआडून ब्रेक मारायचे, पाय फळीवर दाबून. हे चालवत असले की मी पडल्या-पडल्या गिअर मोजायची. पाठ टेकलेली, डोळे टक्क उघडे. नावापुरता आराम. बाहेरच्या माणसांना वाटतं, ट्रकवाल्यांना गाडी चालवणं अवघड जात असेल. दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन झोपणं त्याहून अवघड आहे.

नागपूरकडून येताना मी कधीच पडायची नाही. तळेगाव मागं गेलं की मी सीटवर ताठ बसायची. आपला फाटा येणार असतो. आधी फोन झालेला असतो. सासूबाई रस्त्याला येऊन उभ्या राहतात, शाळा-कॉलेज नसलं तर गौरीही. आम्ही पाच-दहा मिनिटं थांबतो, खाली उतरून बोलतो, पिशवी घेतो, निघतो. सासूबाईंनी गाडीला हात लावून पाहिला, टायर पाहिले, पण वर चढल्या नाहीत. मी कितीदा म्हटलं, तर गुडघ्याचं कारण सांगायच्या.

परवाच्या खेपेला रायपूरहून येत होतो. नागपूरला जेवलो आणि गाडी यांनी घेतली. दुपार होती, थंडीचं कोवळं ऊन काचेतून येत होतं. मी म्हटलं, जरा पाठ टेकते, तळेगाव आलं की हाक मारा. पडदा ओढला.

जाग आली तेव्हा गाडी हळू होत होती. मी पडदा सारला तर समोर नांदगाव पेठचा टोल. आपला फाटा कधीच मागं गेलेला. मी ताडकन उठून बसले, आणि तेव्हा उशीपाशी पिशवी दिसली. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, वर शेवंतीची चार फुलं.

"थांबले होते?" मी विचारलं.

हो म्हणाले. चांगली पंधरा मिनिटं. मला हाक का नाही मारली विचारलं, तर म्हणाले, मारणारच होतो. तेवढ्यात आई वर चढली. गौरीनं खालून आधार दिला आणि ती दांडा धरून चढली. सीटवर बसली, पडदा सारून पाहिलं, आणि मी हाक मारायला गेलो तर तिनं माझा हातच धरला.

"काय म्हणाल्या?"

गाडी टोलच्या रांगेत होती. यांनी समोर पाहतच सांगितलं.

"म्हणे, उठवू नोको रे. माहेरी आल्यासारखी झोपली हाये पोरगी."

त्या घरात इतकी वर्षं मी सासूबाईंच्या आधी उठत आले. सून दिवसाढवळ्या आडवी झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पाहिली ती इथं, त्यांच्या लेकाच्या गाडीत, आणि पाहून पोरगी म्हणाल्या.

दांडी वर झाली, गाडी टोलमधून निघाली. मी फुलं उशाशी ठेवली, पडदा ओढला आणि परत आडवी झाले. अकोल्यापर्यंत गाडी यांच्याकडे होती.